थेंब एका भोकातून, गळती भलतीकडे: सीजे-३बी जीपच्या पेट्रोल टाकीचं प्रकरण

गाडी महिंद्राची सीजे-३बी, पेट्रोलवरची. स्टिअरिंग डाव्या बाजूला, मागच्या पत्र्यावर ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ अशी ठळक अक्षरं. घर वाईच्या पुढे, पसरणी घाटाच्या पायथ्याला. गाडी आजोबांनी घेतलेली, आता नातू चालवतो. तक्रार ऐकायला सोपी होती: टाकी फुल केली की रात्रभर पेट्रोलचा वास आणि सकाळी ड्रायव्हरच्या सीटखाली जमिनीवर ओला डाग.

आमच्याकडे येण्याआधी तिच्यावर दोन इलाज होऊन गेले होते. एका ठिकाणी इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप बदलला. दुसऱ्या ठिकाणी टाकी न काढताच, खालून हात पोहोचेल तिथवर, मळून लावायची एपॉक्सी थापली. दोन्ही वेळा काही दिवस बरं वाटलं. वाटणारच, कारण दुरुस्तीला द्यायची म्हणून टाकी जवळपास रिकामी केली होती आणि नंतरही पेट्रोल पाच-दहा लिटरच पडत होतं. फुल झाली तशी पुन्हा गळली.

गळतीच्या गाडीखाली लगेच आडवं होऊ नये, आधी मालकाला बोलतं करावं, असं माझं मत आहे. या प्रकरणातला निम्मा तपास बोलण्यातच झाला.

“काका, फुल टाकी गळते हे ठीक. पण परवा टाकी अर्धी होती, गाडी उन्हात उभी होती, खाली थेंब नाही आणि वास मात्र भरपूर.”

“घाटात काय होतं?”

“उतरताना, वळणावर, पायाशी वास येतो. दर वेळी नाही.”

“झाकण उघडताना आवाज?”

“फुस्स होतं की! मागच्या वर्षी कुलपाचं झाकण बसवलंय ना, पेट्रोल चोरीला जात होतं म्हणून.”

फुल टाकीला ओल, अर्ध्या टाकीला उन्हात कोरडा वास, घाटात वळणावर वास आणि झाकणाचा फुस्स. या चारही गोष्टींचा उलगडा ज्या कारणाने होईल तेच खरं कारण. एकाचा होतोय आणि बाकीच्यांचा होत नाही, तर आणखी शोधायचं.

टाकी बसते कुठे

विलीज कंपनीने हे मॉडेल १९५३ साली आणलं. आत हरिकेन इंजिन: चार सिलिंडर, २.२ लिटर, इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळे इंजिन उंच झालं आणि ते मावावं म्हणून बॉनेटही उंच झालं. अमेरिकेत १९६८ साली हिचं उत्पादन थांबलं, आपल्याकडे महिंद्राने ते पुढेही चालू ठेवलं. म्हणूनच सातारा-कोल्हापूरकडे अजून एखाद्या गोठ्याच्या कडेला उंच बॉनेटची जीप उभी दिसते. त्यातल्या बहुतेकांच्या पोटात नंतर डिझेल इंजिन घातलं गेलं. मूळ पेट्रोल इंजिनावर चालणारी गाडी दारात आली की जरा जपूनच हात लावावासा वाटतो.

टाकी मात्र युद्धातल्या जीपला होती तिथेच राहिली, म्हणजे ड्रायव्हरच्या सीटखाली. युद्धातल्या जीपला पेट्रोल भरायचं तर सीटची गादी उचलावी लागे. सिव्हिल जीपला तोंड बाहेर, डाव्या पत्र्यात दिलं. टाकी मावते साधारण ४० लिटरची, आणि ती फरशीच्या पातळीवर ठेवलेली नसते. फरशीत पत्र्याचा खोलगट हौद असतो, त्यात ती बसते आणि वरून पट्टा आवळलेला असतो. हौदाच्या तळाला एक भोक असतं, पाणी निघून जावं म्हणून आणि टाकीचा ड्रेन बोल्ट हाताशी यावा म्हणून.

घोळ इथेच होतो. टाकी वरून गळो, बाजूने गळो की तळातून, पेट्रोल आधी हौदात उतरतं आणि त्या एकाच भोकातून खाली पडतं. जमिनीवरचा डाग नेहमी एकाच जागी. खालून बघणाऱ्याला वाटतं टाकीचा तळ गेला, आणि तो तळाला एपॉक्सी लावून मोकळा होतो.

टाकी काढण्याआधी बॉनेट उघडून बघितलं. वास टाकीचाच आहे हे गृहीत धरून चालत नाही. या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनावर, यांत्रिक. आतला पडदा फाटला तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, म्हणून डिपस्टिक काढून वास घेतला. ऑइलला पेट्रोलचा वास नव्हता, पातळीही वाढलेली नव्हती. पंपाची काचेची वाटी कोरडी, कार्बोरेटरखाली ओल नाही. मग टाकीकडून येणारी नळी टाकीपाशीच सोडवून तोंड बंद केलं आणि टाकी फुल करून गाडी रात्रभर शेडबाहेर मोकळ्या जागेत ठेवली. सकाळी डाग होताच. म्हणजे पाइप, पंप, कार्बोरेटर सगळे सुटले.

बॅटरीची निगेटिव्ह काढली, पेट्रोल उघड्यावर पत्र्याच्या डब्यात उतरवलं, सीट आणि पट्टा सोडवला. पट्टा मी सोडवला म्हणणं जड जातं. बोल्ट आटे संपेपर्यंत आवळलेला होता आणि पट्टा तरी ढिलाच होता. ही गोष्ट डोक्यात ठेवली.

टाकीच्या माथ्यावर पेट्रोलच्या काट्याचं सेंडर युनिट असतं, पाच स्क्रूंनी बसवलेलं. पाच भोकं सारख्या अंतरावर नसतात, त्यामुळे ते एकाच बाजूने बसतं. त्याखालचं कॉर्कचं गॅस्केट हात लावताच चुरा होऊन पडलं. शिवाय या स्क्रूंची भोकं थेट टाकीत उघडतात, म्हणजे आट्यांमधूनही पेट्रोल वर चढू शकतं. फुल टाकीच्या गळतीला एवढं कारण पुरेसं होतं. इथेच थांबून, नवं गॅस्केट घालून गाडी परत देता आली असती.

पण सेंडर टाकीच्या अगदी वर आहे. वळणावर अर्ध्या टाकीतलं पेट्रोल तिथवर उसळून पायाशी वास यावा, हे मनाला पटेना.

खडू आणि रॉकेल

टाकी पाण्याने भरून बघू, असं शेडमध्ये कुणीतरी म्हणतंच. पाण्याने मोठं भोक कळतं, बारीक चीर कळत नाही. पाण्याचा पृष्ठताण पेट्रोलच्या तिप्पट असतो. ज्या फटीतून पेट्रोल सहज झिरपतं तिथे पाणी अडून बसतं. पेट्रोल भरून बघावं, तर ते उडून जातं आणि ओल दिसेपर्यंत वाळतं, शिवाय धोका आहेच. मधला मार्ग रॉकेलचा. वेल्डिंगचे जोड तपासायला ही पद्धत जुनी आहे: एका बाजूने रॉकेल, दुसऱ्या बाजूने खडू. रॉकेल बारीक फटीतून चढतं, लगेच उडत नाही, आणि खडूच्या थरावर तेलकट डाग ठसठशीत उमटतो. रॉकेल हल्ली शोधावं लागतं, पण मिळतं.

टाकी बाहेरून तारेच्या ब्रशने घासून, थिनरने पुसून कोरडी केली. खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून ब्रशने सगळीकडे पातळ थर दिला. शिवणी, ड्रेनचा बोल्ट, भरायच्या तोंडाच्या मानेची मुळी, सेंडरची कडा, काही सोडलं नाही. स्पिरिट उडालं आणि टाकी पांढरीफटक झाली. सेंडरच्या जागी रबर लावून पत्र्याची चकती आवळली, म्हणजे ती गळती हिशेबातून बाद. मग दहा-दहा लिटर रॉकेल टाकत, प्रत्येक पातळीला थांबत वर आलो.

दहा लिटरला काही नाही. वीसला नाही. तिसाला नाही. काठोकाठ भरल्यावरही खडू पांढराच.

स्टँडवर ठेवलेली टाकी मात्र गाडीतल्या टाकीसारखी नसते. तिच्यावर कसलाच ताण नसतो. म्हणून भरायच्या तोंडाची मान हातात धरून जरा खाली दाबली. मुळीशी, खालच्या बाजूला, खडूवर एक बारीक करडी रेघ उमटली. सोडली, रेघ तेवढीच राहिली. पुन्हा दाबली, रेघ दोन्ही टोकांना सरकली आणि मधून एक थेंब ओघळला. मानेच्या डागात, म्हणजे झाळलेल्या जोडात, इंचभर चीर होती. ताण नसताना तिचे ओठ मिटलेले, ताण आला की उघडणारे.

आता सगळ्याचा हिशेब लागला. मानेची मुळी या टाकीत तीन चतुर्थांश उंचीच्या आसपास येते. टाकी फुल असली की चीर पेट्रोलच्या खाली, म्हणून ओल. अर्धी असली की चीर वाफेत, म्हणून थेंब नाही, नुसता वास. घाटात वळणावर पेट्रोल बाजूला उसळतं आणि त्याच वेळी बॉडीही पिळवटते, म्हणून तेव्हा वास, तोही दर वेळी नाही. आणि उन्हातला वास? त्याला नवं कुलपाचं झाकण कारणीभूत. जीपच्या मूळ झाकणाला हवा आत-बाहेर जायला बारीक वाट असते. या झाकणाला ती नव्हती. ऊन लागलं की आत वाफेचा दाब चढायचा आणि तो सापडेल त्या फटीतून बाहेर निघायचा. चोर थांबले, वास सुरू झाला.

गोणपाट

चीर सापडली म्हणजे प्रकरण मिटलं असं होत नाही. जाड डागाची मान आपोआप तडकत नाही. ती कोणी हलवली, हे शोधायचं राहिलं होतं.

हौद साफ करताना उत्तर चिखलासकट हाताला लागलं. मूळ गाडीत टाकीखाली आणि पट्ट्याखाली नमद्याची पट्टी असते, पत्र्यावर पत्रा घासू नये म्हणून. ती कधीतरी कुजली असणार आणि कोणीतरी तिच्या जागी गोणपाटाच्या घड्या घातल्या. नवं असताना गोणपाट जाड होतं, टाकी घट्ट बसली. हौदाचं भोक मातीने बुजलं होतं. पूर्ण बुजलं नव्हतं, पेट्रोल थेंबाथेंबाने निघत होतं, पण पावसाचं पाणी आत तुंबायचं. गोणपाट भिजलं, कुजलं, दबलं. पट्टा ढिला पडला. मग चाळीस लिटरची टाकी खड्ड्याखड्ड्याला हौदात उड्या मारू लागली, आणि मान मात्र बॉडीच्या भोकात कडक झालेल्या रबरी कडीत पक्की अडकलेली. टाकी हलते, मान हलत नाही, मधल्या डागाचं काय होणार? एपॉक्सीचा गोळा कितीही चांगला मळला तरी यावर इलाज नव्हता.

गोणपाटाने दुसरं नुकसानही करून ठेवलं होतं. जिथे त्याची घडी होती, तिथे टाकीच्या तळाला गंजाचे खड्डे होते. पहिल्या तपासणीत तळ गळला नव्हता. तरी टाकी आतून कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्याने धुतली आणि वाळवून पुन्हा खडू लावला, तेव्हा तळाशी मोहरीएवढे तीन ठिपके उमटले. मालकाला वाटलं धुण्याने भोकं पडली. भोकं आधीपासून होती. जुन्या पेट्रोलचा चिकट, तपकिरी थर आतून त्यांना बूच मारून बसला होता, तो निघाला इतकंच. आज ना उद्या तो निघणारच होता. २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं आहे आणि इथेनॉल असे जुने थर सोडवतं. ते हवेतली ओलही ओढतं. पाणी ठरावीक प्रमाणाबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी जाऊन बसतात, म्हणजे नेमके आतून गंज धरण्याच्या जागी. त्या काळातल्या टाक्यांच्या पत्र्याला शिसं-कथलाचा मुलामा असायचा, त्यालाही अल्कोहोल मानवत नाही. म्हणून जुन्या पेट्रोल जीपच्या टाकीत एकच पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवू नये असं मी प्रत्येकाला सांगतो.

डाग

टाकीला वेल्डिंग करायला निघालेला माणूस दिसला तर त्याचा हात धरावा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते. हवेत पेट्रोलची वाफ साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की ठिणगीने स्फोट होतो. भरलेल्या टाकीत वाफ त्याहून दाट असते, ‘रिकाम्या’ टाकीत ती नेमकी या मापात सापडू शकते. वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळे नुसती उघडी ठेवून ती निघूनही जात नाही. शिवणीत मुरलेलं पेट्रोल तापलं की पुन्हा वाफ धरते.

आमचं काम करणारे रेडिएटरवाले चाचा या बाबतीत फार कडक आहेत. टाकी दारात नेली की आधी मानेला नाक लावतात. जरासा वास आला तरी हात लावत नाहीत, “फिर से धोके लाओ,” म्हणून परत पाठवतात. दोनदा उकळत्या पाण्याने धुतलेली टाकी त्यांनी घेतली, तीही लगेच नाही. डाग द्यायची जागा वर येईल अशी टाकी कलती ठेवून तिच्यात त्या जागेच्या जरा खालपर्यंत पाणी भरलं, म्हणजे आत वाफेला जागाच उरू नये. तांब्याचं जाड टोक शेगडीत तापवायचं ते दुकानाच्या पलीकडच्या टोकाला. टाकीजवळ ज्योत येऊ द्यायची नाही.

मानेची मुळी चमकेपर्यंत खरवडली. ॲसिडमध्ये जस्त विरघळवून केलेलं पाणी ब्रशने लावलं, तांब्याचं टोक नवसागरावर घासून साफ केलं आणि आधी पत्र्यावर कथलाचा पातळ हात दिला. नुसती चीर भरून भागत नाही, तिथे पुन्हा ताण येणार. म्हणून पितळी पत्र्याची कडी कापून मुळीभोवती बसवली आणि तिच्या दोन्ही कडांना डाग दिला. तळाचं काम जास्त किचकट होतं. खड्ड्यांच्या भोवतीचा पत्रा दाभणाने दाबून बघत गेलो. जिथे दाभण रुतलं तो भाग कच्चा, जिथे अडलं तिथून पक्का पत्रा. त्या पक्क्या कडेच्या बाहेर बोटभर जाईल एवढं कथलाचा हात दिलेलं ठिगळ लावलं. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने सगळं धुतलं, नाहीतर उरलेलं ॲसिड पुढच्या पावसाळ्यात नवा गंज आणतं.

नवी टाकी का नाही घातली, हे मालकानेही विचारलं. पुण्यात नाना पेठेत चौकशी केली होती. जी दाखवली तिचा पत्रा जुन्यापेक्षा पातळ आणि मान वेगळ्या कोनात. मान ओढून बसवायची म्हणजे पहिल्या दिवसापासून तोच ताण. आतून लावायच्या रसायनी लेपाबद्दलही तेच. इथेनॉलला टिकणारा असेल आणि पत्रा आतून पूर्ण स्वच्छ असेल तरच लावावा. नाहीतर त्याचे पापुद्रे सुटतात आणि उपसणाऱ्या नळीत अडकतात. पक्का पत्रा हाती असताना मला त्याची गरज वाटली नाही.

डाग दिल्यानंतरची तपासणी हवेने केली, आणि इथे उत्साह आवरावा लागतो. एक पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला एक पौंड, दाब ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण २० इंच बाय १५ इंच सपाट पत्र्यावर तोच दाब म्हणजे ३०० पौंड, जवळपास १३६ किलो. कॉम्प्रेसरची नळी लावली तर टाकी फुगून शिवणी उसवतील. म्हणून दाब मोजायला गवंड्याची लेव्हलची नळी घेतली. यू आकारात धरून पाणी भरलं, एक तोंड टाकीला, दुसरं मोकळं. सायकलच्या पंपाने हळूहळू हवा भरली, दोन्ही बाजूंच्या पाण्यात ३५ सेंटिमीटर फरक पडेपर्यंत. म्हणजे साधारण अर्धा पीएसआय. शिवणींवर साबणाचं पाणी फिरवलं, मान सगळ्या बाजूंनी दाबून बघितली. बुडबुडा नाही, नळीतलं पाणीही जागचं हललं नाही. नंतर पुन्हा एकदा खडू-रॉकेल, तळासकट. कोरडं.

बसवताना टाकीपेक्षा हौदावर जास्त वेळ गेला. गंज काढून प्रायमर आणि रंग, तळाचं भोक मोकळं. गोणपाटाऐवजी पाणी न पिणारी निओप्रीनची पट्टी, टाकीखाली आणि पट्ट्याखाली. मानेभोवती नवी मऊ रबरी कडी, आणि टाकी आवळण्याआधी मान भोकात मधोमध येते का ते बघून मगच पट्टा. सेंडरला इथेनॉलला टिकणारं व्हायटॉन रबराचं गॅस्केट, पाचही स्क्रूंच्या आट्यांना पेट्रोलला टिकणारं सीलंट. झाकण हवेची वाट असलेलं. कुलूप हवंच असा मालकाचा हट्ट होता, म्हणून हवेची वाट असलेलं कुलपाचं झाकण शोधलं.

गाडी फुल टाकीवर रात्रभर उभी ठेवली, मग पसरणी घाटातून पाचगणीपर्यंत चढवून उतरवली. हौदात कागद अंथरून ठेवला होता, तो कोरडा निघाला. उन्हात उभी करून झाकण उघडलं, फुस्स नाही.

पेट्रोलचा काटा मात्र अजून पाव टाकी जास्तच दाखवतो. सेंडरच्या तरंगत्या डब्याची दांडी कधीतरी वाकली आहे. ती सरळ करायला स्क्रू पुन्हा काढावे लागतील, नवं गॅस्केट इतक्यात उघडायचं नाही असं मालकाचं म्हणणं पडलं. तोवर टाकीत वाळकी काठी बुडवून बघा, असं सांगितलंय.